हिपा की राज्याचा कायदा? रेकॉर्ड्सच्या खिडकीवरून सांगते

"हिपामुळे देता येणार नाही." अमेरिकेत दवाखान्याच्या काउंटरवर वैद्यकीय कागद मागताना हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. हिपा म्हणजे रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणारा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा. मी मिनेसोटात एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्स विभागात काम करते, त्याआधी टेक्सासमध्ये हेच काम करत होते. कोणाचे कागद कोणाला, कोणत्या सहीवर आणि किती दिवसांत द्यायचे, हे ठरवण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे खात्रीने सांगते, ते वाक्य बऱ्याचदा अर्धवट असतं. कधी नकार बरोबर असतो, पण त्याचं खरं कारण राज्याच्या कायद्यात असतं. कधी त्याच राज्याच्या कायद्याने कागद मिळायलाच हवा असतो, पण खिडकीमागच्या मुलीचं ट्रेनिंग फक्त हिपावर झालेलं असतं.

म्हणून कोणत्या प्रसंगी कोणता कायदा वर, हे आपलं आपण कसं शोधायचं ते लिहिते. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर तुमच्या राज्यातला वकील गाठा. खिडकीवरचा वाद मिटवायला मात्र पुढचं पुरेल.

पहिला प्रश्न: माहिती आहे कोणाकडे?

हिपा हा १९९६ चा केंद्राचा कायदा. त्याखालचा प्रायव्हसीचा नियम बहुतेक संस्थांना १४ एप्रिल २००३ पासून लागू झाला. तो आरोग्याच्या सगळ्या माहितीला लागू होतो, ही सगळ्यात मोठी गैरसमजूत. तो बांधतो तो आरोग्य विम्याच्या योजनांना, विम्याचे व्यवहार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणाऱ्या डॉक्टर-हॉस्पिटलांना, त्या व्यवहारांचं रूपांतर करणाऱ्या क्लिअरिंगहाउसांना, आणि या सगळ्यांसाठी रुग्णांची माहिती हाताळणाऱ्या कंत्राटदारांना. तुमच्या मॅनेजरकडे दिलेलं आजारपणाचं सर्टिफिकेट, पाळीच्या तारखा ठेवणारं ॲप, मनगटावरचं घड्याळ यांच्याशी हिपाचा सहसा संबंध नाही. मास्टर्सला आलेल्या मुलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या क्लिनिकमधले विद्यार्थ्यांचे कागद बहुधा हिपाखाली येतच नाहीत. तिथे शिक्षणविषयक नोंदींचा कायदा, फर्पा, आणि राज्याचे नियम बघायचे. आणि कायम विचारला जाणारा प्रश्न: व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना हिपाचं संरक्षण आहे का? आहे. तो कायदा रुग्णाचा व्हिसा विचारत नाही.

राज्यं आपलं वर्तुळ वेगळं आखतात. टेक्सासचा आरोग्य-सुरक्षा संहितेतला १८१ वा अध्याय घ्या. हाउस बिल ३०० ने केलेली त्याची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झाली. त्यात माहिती गोळा करणारा, साठवणारा, किंवा जिच्या हातात ती येते अशी जवळजवळ कोणतीही व्यक्ती बांधली जाते, मग ती वेबसाइट चालवणारी का असेना. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये 'माय हेल्थ माय डेटा' कायदा केला. बहुतेक कंपन्यांना तो ३१ मार्च २०२४ पासून लागू आहे. दवाखान्यापासून २,००० फुटांच्या आत लोकांच्या फोनवर पाळत ठेवण्यासाठी आभासी कुंपण घालायला त्यात बंदी आहे, आणि ग्राहकाला स्वतः दावा लावता येतो. हिपाखाली येणारी माहिती या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणजे इथे दोन कायद्यांची टक्कर होतच नाही, हिपा जिथे संपतो तिथून हा सुरू होतो.

थोडक्यात, माहिती ज्याच्याकडे आहे तो हिपाच्या वर्तुळाबाहेर असेल, तर त्याच्याशी हिपावरून भांडू नका. थेट राज्याचा कायदा काढा.

दुसरा प्रश्न: दोन्ही कायदे एकदम पाळता येतात का?

केंद्राच्या नियमावलीतलं कलम ४५ सीएफआर १६०.२०३ म्हणतं की राज्याचा कायदा हिपाच्या विरोधात गेला तर हिपा वर. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पण 'विरोधात' याची व्याख्या आधीच्याच १६०.२०२ मध्ये आहे, आणि ती अरुंद आहे. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणं अशक्य असेल, किंवा राज्याचा कायदा हिपाच्या हेतूच्या आड येत असेल, तरच विरोध. नियम नुसते वेगळे असले म्हणून विरोध होत नाही.

मुदतीचंच बघा. रुग्णाने स्वतःचे कागद मागितले तर हिपा हॉस्पिटलला ३० दिवस देतो आणि लेखी कारण कळवून आणखी ३० वाढवू देतो. कॅलिफोर्नियात नक्कल १५ दिवसांत द्यावी लागते. टेक्सासमध्ये इलेक्ट्रॉनिक कागद कामाच्या १५ दिवसांत. पंधरा दिवसांत देणाऱ्याने हिपाही पाळला आणि राज्याचा कायदाही. विरोध नाही, म्हणून दोन्ही लागू, आणि प्रत्यक्षात आखूड मुदत चालते. लॉस एंजेलिसमध्ये कोणी "हिपाप्रमाणे आमच्याकडे महिना आहे" म्हणालं, तर ते चुकीचं आहे, आणि ते शांतपणे सांगायला काही हरकत नाही.

पैशांचं गणित जरा वाकडं आहे. न्यूयॉर्क पानामागे कमाल ७५ सेंट घेऊ देतं, कॅलिफोर्निया २५. हॉस्पिटल हा आकडा दरपत्रकासारखा पुढे करतं. पण रुग्ण स्वतःसाठी मागतो तेव्हा हिपा फक्त नक्कल काढण्याचा वाजवी खर्च घेऊ देतो. कागद शोधण्याची फी घेता येत नाही, राज्याने परवानगी दिली असली तरी नाही. इलेक्ट्रॉनिक फाइल पाठवायला एवढा खर्च येत नसेल, तर पानामागे ७५ सेंट लावता येत नाहीत. दोन्हींपैकी जे कमी, तेवढंच.

यात एक खाच आहे आणि तिच्यात पुष्कळ जण अडकतात. गाडीच्या अपघातानंतर वकील म्हणतो, "कागद मी मागवतो." पण जानेवारी २०२० मधल्या एका फेडरल कोर्टाच्या निकालानंतर, कागद तिसऱ्याकडे पाठवायचे असतील तर हिपाची फीवरची मर्यादा लागू होत नाही; राज्याचे, बहुधा चढे, दर लागतात. म्हणून कागद स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर मागवा आणि मग वकिलाला पुढे धाडा. बिलातला फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

खरा विरोध असेल तेव्हा

हिपा हे जोतं समजा. त्यावर प्रत्येक राज्य आपल्या मनासारखं बांधकाम करू शकतं, जोतं मात्र खोदायचं नाही. कायद्याच्या भाषेत, राज्याचा नियम हिपापेक्षा 'अधिक कडक' असेल तर विरोध असूनही तो टिकतो.

या 'कडक'ला दोन तोंडं आहेत, आणि आमच्या विभागातली नवी माणसं हमखास इथे घोटाळतात. माहिती दुसऱ्याला द्यायची असते तेव्हा कडक म्हणजे जास्त बंधनं घालणारा. माहिती रुग्णालाच द्यायची असते तेव्हा कडक म्हणजे त्याला जास्त हक्क देणारा. रुग्णापासूनच त्याचे कागद लपवणारा राज्याचा नियम कितीही करडा वाटला तरी तो या अर्थाने कडक ठरत नाही आणि हिपापुढे पडतो. रक्ताचा रिपोर्ट लॅबने थेट रुग्णाला देऊ नये असे नियम काही राज्यांत होते. २०१४ मध्ये केंद्राने नियम बदलला आणि ते गळून पडले. आता लॅबकडे तुम्ही थेट मागू शकता.

उलट दिशेचं उदाहरण फ्लोरिडाचं. नर्सिंग होममधल्या मृत व्यक्तीचे कागद जोडीदार, मुखत्यार वगैरेंनी नुसते मागितले तरी द्यावेत, असा तिथला कायदा होता. नर्सिंग होम्सनी नकार दिला आणि प्रकरण अकराव्या सर्किटच्या (फेडरल न्यायव्यवस्थेतल्या एका विभागाच्या) अपील कोर्टात गेलं. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की हा कायदा हिपापेक्षा ढिला आहे, सबब रद्दबातल. माणूस गेल्यावरही हिपाचं संरक्षण ५० वर्षं राहतं, हे इथे कळीचं. त्यामुळे वडील गेल्यावर त्यांचे संपूर्ण कागद हवे असतील तर "मी मुलगा आहे" एवढं पुरेलच असं नाही. वारसाहक्काची प्रकरणं बघणाऱ्या प्रोबेट कोर्टाने मृताचे व्यवहार बघायला नेमलेला एक्झिक्युटर किंवा ॲडमिनिस्ट्रेटर असल्याचं पत्र आणा. तसं पत्र नसेल तर तुमच्या राज्यात मृताच्या वतीने कोणाला अधिकार आहे ते विचारा, कारण तो अधिकार कोणाला, हे हिपा राज्यावर सोडतो.

एक अपवाद तुलनेच्या बाहेर आहे. साथीचे रोग, मुलांवरचे अत्याचार, जन्म-मृत्यू यांची नोंद कळवण्याचे राज्याचे नियम कडक असोत वा नसोत, ते टिकतात. क्षयरोगाचं निदान झालं तर हॉस्पिटल आरोग्य खात्याला कळवणारच. तुमची सही कोणी मागणार नाही.

सहीचा घोळ

टेक्सासमध्ये असताना हृदयविकार तज्ज्ञाच्या ऑफिसातून फॅक्स आला की आम्ही रुग्णाचा ईसीजी पाठवून मोकळे होत असू. उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याला माहिती द्यायला हिपाला रुग्णाची सही लागत नाही. मिनेसोटात आले आणि ही सवय मोडावी लागली. इथला हेल्थ रेकॉर्ड्स ॲक्ट उपचारासाठीही रुग्णाची लेखी संमती मागतो. तातडीच्या प्रसंगासारखे काही अपवाद आहेत, एरवी सही हवी, आणि ती सर्वसाधारणपणे एक वर्ष चालते. हा कायदा हिपापेक्षा कडक, म्हणून टिकला. मला विचाराल तर रुग्णाच्या दृष्टीने तो चांगला आहे, पण शुक्रवारी संध्याकाळी सही नसलेली विनंती आली की सगळ्यांचीच चिडचिड होते. मिनेसोटात नव्याने येत असाल तर पहिल्याच भेटीत संमतीचा फॉर्म भरा, त्यावर तारीख घाला, आणि वर्षाने पुन्हा भरायचा हे फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

फॉर्मचंही तसंच. एका राज्यात चालणारा फॉर्म दुसऱ्यात परत येतो. कॅलिफोर्नियाच्या १९८१ च्या वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यात, ज्याला सगळे सीएमआयए म्हणतात, अट अशी की संमतीपत्र सही करणाऱ्याने हाताने लिहिलेलं असावं, नाहीतर छपाई किमान १४ पॉइंटची असावी. हसू येतं, पण बारीक अक्षरातले फॉर्म यावरून खरोखर परत जातात. न्यूयॉर्कमध्ये एचआयव्हीची माहिती साध्या संमतीपत्राने हलत नाही. फॉर्मवर तसा स्पष्ट उल्लेख लागतो. व्यसनमुक्ती केंद्राच्या कागदांना तर राज्याखेरीज केंद्राचाच दुसरा नियम, ४२ सीएफआर पार्ट २, लागतो. २०२४ मध्ये तो हिपाच्या बराच जवळ आणला गेला, तरी कोर्टकचेरीत हे कागद वापरण्यावर त्याची बंधनं अजून जास्तच आहेत. यावरचा सोपा उपाय म्हणजे ज्या हॉस्पिटलकडून कागद हवेत त्याच हॉस्पिटलचा फॉर्म भरायचा, आणि मानसोपचार, एचआयव्ही, व्यसनोपचार यांच्या चौकटींवर, देणार असाल तर, वेगळी आद्याक्षरं घालायची.

मुलं बारा वर्षांची झाली की

सर्वात जास्त रागावलेले फोन या विषयावर येतात, आणि ते करणारे बहुधा आपल्यातलेच बाबा असतात. "कालपर्यंत मुलीचं पोर्टल दिसत होतं, आज बंद. हिपा म्हणे!" पोर्टल म्हणजे हॉस्पिटलच्या नोंदी ऑनलाइन बघायचं खातं.

हिपा इथे जवळजवळ पूर्णपणे बाजूला होतो. त्याचा मूळ नियम असा की अल्पवयीन मुलाच्या वतीने आई-वडील कागद बघू शकतात. पण राज्याच्या कायद्याने एखादा उपचार मूल स्वतःच्या संमतीने घेऊ शकत असेल, तर त्या उपचाराच्या कागदांबाबत राज्य म्हणेल ते. राज्य आई-वडिलांना दाखवा म्हणालं तर दाखवायचे, नको म्हणालं तर नाही, आणि राज्य गप्प असेल तर डॉक्टरने आपला विवेक वापरायचा. कॅलिफोर्नियात १२ वर्षांपुढचं मूल लैंगिक संसर्गासारख्या काही उपचारांना स्वतः संमती देऊ शकतं. इलिनॉयमध्ये १२ ते १७ वयाच्या मुलाचे मानसोपचाराचे कागद आई-वडिलांना बघायचे असतील तर मुलाला तसं कळवावं लागतं, आणि त्याने हरकत घेतली किंवा थेरपिस्टला सबळ कारण दिसलं तर ते अडू शकतात. घरात पंधरा वर्षांची मुलगी असल्याने मला हा नियम खिडकीच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे. बाहेरच्या बाजूने तो जरा टोचतो.

पण एक गोष्ट वेगळी करा. पोर्टल बंद होणं हा बहुधा हॉस्पिटलचा बंदोबस्त असतो, त्याला कायदा समजू नका. पोर्टलला गोपनीय भेट आणि मोडलेला हात यांतला फरक नीट करता येत नाही, म्हणून हॉस्पिटल ठरावीक वयाला सरसकट कुलूप लावतं. लसीकरण, एक्स-रे, दम्याचे कागद यांच्यावरचा तुमचा हक्क तसाच असतो. रेकॉर्ड्स विभागात लेखी अर्ज करा, कोणत्या भेटीचे कागद हवेत ते तारखेनिशी लिहा. मर्यादित प्रॉक्सी ॲक्सेस, म्हणजे मुलाच्या वतीने पोर्टल बघायची परवानगी, मिळतो का तेही विचारा. अनेक ठिकाणी मुलाच्या सहीने तो मिळतो.

अठरा पूर्ण झाली की विषय संपला. कॉलेजची फी तुम्ही भरत असाल, विमा २६ पर्यंत तुमच्या पॉलिसीवर असेल, तरी कागद त्याचे. पहिल्या सेमिस्टरला जाण्याआधी त्याच्याकडून संमतीपत्र आणि आरोग्याचं मुखत्यारपत्र सही करून घ्या. दुसऱ्या गावी मध्यरात्री इमर्जन्सी रूममधून फोन आला की त्याचं मोल कळतं. उलट बाजूने, मुलगा तुमच्या पॉलिसीवर असेल तर विमा कंपनीचं खर्चाचं पत्रक तुमच्या घरी येतं आणि त्याची थेरपी गुपचूप राहत नाही. हिपाप्रमाणे, पत्रक त्या पत्त्यावर गेल्याने आपल्याला धोका आहे असं त्याने सांगितलं तर विमा कंपनीला पत्ता बदलावा लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून संवेदनशील उपचारांसाठी असं कारण देण्याचीही गरज नाही.

कोर्टाचा कागद आला तर

वकिलाने सही केलेला सबपीना (कागद हजर करण्याची मागणी) आणि न्यायाधीशाचा हुकूम यांत मोठं अंतर आहे. नुसता सबपीना असेल तर, रुग्णाला नोटीस दिल्याचा किंवा माहितीला संरक्षण देणारा हुकूम मागितल्याचा पुरावा पाहिल्याशिवाय, हिपाखाली कागद देता येत नाहीत. अनेक राज्यांत त्याच्यावर डॉक्टर-रुग्ण विशेषाधिकाराचा (दोघांतली माहिती कोर्टात उघड न करण्याच्या हक्काचा) आणखी एक अडसर असतो. मात्र केंद्राच्या कायद्यावरचा खटला फेडरल कोर्टात चालू असेल तर तो राज्याचा अडसर तिथे चालेलच असं नाही. सातव्या सर्किटने २००४ मध्ये इलिनॉयच्या कायद्याबाबत तसं म्हटलं. म्हणून सबपीनाच्या माथ्यावर कोणत्या कोर्टाचं नाव आहे ते आधी वाचा. हरकत घ्यायची असेल तर लगेच वकिलामार्फत घ्या आणि हॉस्पिटलच्या प्रायव्हसी ऑफिसरला त्याच दिवशी लेखी कळवा.

गर्भपाताविषयीच्या कागदांबाबत राज्याचा कायदा आता अधिकच महत्त्वाचा झाला आहे. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा डॉब्ज निकाल आला; एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने हिपात खास संरक्षण घातलं; जून २०२५ मध्ये टेक्सासमधल्या फेडरल कोर्टाने त्याचा मुख्य भाग देशभरासाठी रद्द केला. हिपाचे साधे नियम उरले आहेत, पण दुसऱ्या राज्यातून आलेली मागणी अडवायची ताकद मिनेसोटासारख्या राज्यांनी केलेल्या कायद्यांत आहे.

आपल्या राज्याचा नियम कुठे सापडेल

पहिल्या भेटीत न वाचता सही केलेला कागद आठवतो? नोटीस ऑफ प्रायव्हसी प्रॅक्टिसेस. राज्याचा कायदा जिथे हिपापेक्षा कडक आहे तिथे या नोटिशीतलं वर्णन त्या कडक कायद्याप्रमाणेच असलं पाहिजे, असं हिपाच सांगतो. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर ती असते. मी सगळ्यांना आधी तीच वाचायला सांगते. त्यानंतर राज्याच्या आरोग्य खात्याचं आणि ॲटर्नी जनरलचं (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचं) संकेतस्थळ.

अर्जात हिपाचं कलम १६४.५२४ लिहा, त्याखाली राज्याचं कलम लिहा, आणि "दोन्हींपैकी जी मुदत आधी संपते त्या मुदतीत द्यावे" असं एक वाक्य इंग्रजीत घाला. असा अर्ज आमच्या टेबलावर आला की तो गठ्ठ्याच्या तळाशी जात नाही.

माहिती फुटली किंवा कागद अडवले, तर हिपाखाली तुम्ही स्वतः दावा लावू शकत नाही. तक्रार केंद्राच्या आरोग्य खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे, प्रकार कळल्यापासून १८० दिवसांत करायची. राज्याचे ॲटर्नी जनरलही हिपाखाली खटला भरू शकतात. स्वतःला भरपाई हवी असेल तर वाट राज्याच्या कायद्यातून जाते. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की, रुग्णाला न कळवता सबपीनावर कागद देऊन टाकणाऱ्या दवाखान्यावर राज्याच्या कायद्याखाली निष्काळजीपणाचा दावा लावायला हिपा आड येत नाही. कॅलिफोर्नियाचा सीएमआयए निष्काळजीपणाने माहिती बाहेर गेली तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही १,००० डॉलर मागू देतो. राज्याच्या दाव्याची मुदत वेगळी असते आणि केंद्राकडे तक्रार केली म्हणून ती थांबत नाही, तेव्हा दोन्ही कागद एकाच आठवड्यात तयार करा.